सहा गिरी आणि त्यांचे सुटे भाग

युद्धनौकांच्या जगात 'वर्ग' हा शब्द एकाच आराखड्यावरून बांधलेल्या जहाजांच्या कुटुंबासाठी वापरला जातो आणि त्या कुटुंबाला बहुधा पहिल्या जहाजाचे नाव मिळते. परंतु ही जहाजे एकदा नौदलात दाखल झाली, की त्यांना एकत्र बांधून ठेवण्याचे काम आराखड्यापेक्षा कोठार अधिक करते, कारण ज्या पंपाचा, झडपेचा किंवा बेअरिंगचा जोडीदार कोठाराच्या फळीवर पडून आहे तो पंप उद्याही चालणार असतो आणि ज्याचा नाही तो पुढच्या बिघाडापर्यंतच चालणार असतो. फ्रिगेट म्हणजे विनाशिकेपेक्षा लहान आणि कॉर्व्हेटपेक्षा मोठी, ताफ्याला व व्यापारी जहाजांना पाणबुड्यांपासून आणि विमानांपासून संरक्षण देणारी युद्धनौका. तिचे आयुष्य तीस वर्षांचे किंवा त्याहून अधिक असते, तर तिच्यातील यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यांचे उत्पादन त्याच्या निम्म्या काळातच दुसऱ्या नमुन्यांकडे वळलेले असते. या दोन आयुष्यांमधली दरी कशी भरून निघते, हे पाहण्यासाठी महाराष्ट्राला परदेशी जाण्याची गरज नाही. मुंबईच्या माझगाव डॉकने १९६६ ते १९८१ या काळात बांधलेल्या नीलगिरी वर्गाच्या सहा फ्रिगेट हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे.

या वर्गाचे मूळ ब्रिटिश होते. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुड्यांचा वेग वाढला, त्यांना गाठण्यासाठी ब्रिटिश नौदलाने 'टाइप १२' नावाचा फ्रिगेटचा आराखडा तयार केला आणि त्याच आराखड्यातील व्हिटबी वर्गाच्या दोन फ्रिगेट, तलवार आणि त्रिशूल, १९६० च्या सुमारास भारतानेही घेतल्या. टाइप १२ ची सुधारलेली आवृत्ती म्हणजे लिअँडर वर्ग होय. पहिली लिअँडर १९६३ मध्ये ब्रिटिश नौदलात दाखल झाली, त्या नौदलाने अशा २६ फ्रिगेट बांधल्या आणि नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, चिली व भारत यांनीही याच आराखड्याची निवड केली. एवढ्या देशांनी एकच आराखडा वापरला, तेव्हा त्याचे सुटे भाग कित्येक दशके मुबलक मिळत राहतील असे मानणे त्या काळी स्वाभाविक होते.

भारत सरकारने माझगाव डॉक १९६० मध्ये ताब्यात घेतला तेव्हा या गोदीची ओळख मुख्यतः जहाजदुरुस्तीची होती. यारो आणि व्हिकर्स या ब्रिटिश कंपन्यांच्या सहकार्याने तेथे लिअँडर बांधायचे ठरले. नीलगिरीचा तळकणा, म्हणजे जहाजाचा तळाशी असलेला आधारभूत कणा, ऑक्टोबर १९६६ मध्ये बसवण्यात आला, २३ ऑक्टोबर १९६८ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते तिचे जलावतरण झाले आणि ३ जून १९७२ रोजी ती नौदलात दाखल झाली. तिच्या मागून हिमगिरी (१९७४), उदयगिरी (१९७६), दुनागिरी (१९७७), तारागिरी (१९८०) आणि विंध्यगिरी (१९८१) आल्या. प्रत्येकी सुमारे ११३ मीटर लांब आणि पूर्ण भारासह तीन हजार टनांच्या आसपास वजनाच्या या नौका एका वर्गाच्या म्हणून नोंदल्या गेल्या असल्या, तरी त्या एकसारख्या मुळीच नव्हत्या. नीलगिरीवरची रडारे ब्रिटिश होती. पुढच्या जहाजांवर डच सिग्नाल कंपनीची रडारे आणि गोळीबार-नियंत्रण यंत्रणा आल्या, ज्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने परवान्याखाली बनवल्या. शेवटच्या दोन जहाजांनी तर मागची बाजूच बदलली: पाणबुडीवर स्फोटके फेकणारी 'लिंबो' ही तीन नळ्यांची ब्रिटिश तोफ काढून बोफोर्सचे रॉकेट-प्रक्षेपक बसवण्यात आले आणि हलक्या चेतकऐवजी सी किंग हे अवजड हेलिकॉप्टर उतरू शकेल एवढे उड्डाणपटल व हँगर वाढवण्यात आले. आरेखकाच्या दृष्टीने ही प्रगती होती, तर स्टोअरकीपरच्या दृष्टीने एका वर्गाचे तीन छोटे वर्ग झाले होते. नौदलाच्या इतिहासात पहिल्या बाजूचे कौतुक भरपूर आढळते. दुसऱ्या बाजूची दखल क्वचितच घेतली जाते.

या सहाही जहाजांत जे समान राहिले ते त्यांचे हृदय, म्हणजे वाफेचे यंत्र. आणि ते समजून घेण्याच्या बाबतीत समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या, मराठवाड्यातील कन्नडचा ऊस उत्पादक मुंबईच्या रहिवाशापेक्षा कदाचित अधिक जवळ आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यात बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, मग गव्हाणीत मोळी पडते आणि गाळप सुरू होते. त्या बॉयलरमध्ये बगॅस जळतो, पाण्याची वाफ होते, ती वाफ टर्बाइन फिरवते, टर्बाइनचा प्रचंड वेग गिअरबॉक्स कमी करतो आणि मिलचे रोलर संथ पण जबरदस्त जोराने फिरतात. फ्रिगेटमध्ये बगॅसच्या जागी तेल आणि रोलरच्या जागी पंखा, म्हणजे प्रॉपेलर, असतो. लिअँडरचे दोन बॉयलर दर चौरस इंचाला ५५० पौंड दाबाची आणि सुमारे ४५० अंश सेल्सिअस तापमानाची वाफ देत, दोन टर्बाइन मिळून ३०,००० अश्वशक्ती निर्माण होई आणि जहाज ताशी २७-२८ सागरी मैल वेगाने जाई. टर्बाइन मिनिटाला हजारो फेरे घेते आणि पंखा पूर्ण वेगातही दोन-अडीचशेच घेतो. म्हणून वेग दोन टप्प्यांत उतरवणारा गिअरबॉक्स लागतो. एक फरक मात्र मोठा आहे. कारखान्याचा हंगाम संपला, की सगळी यंत्रे खोलून ओव्हरहॉलिंग करता येते, तर जहाजाला असा ठरलेला बिगरहंगाम नसतो. त्याची खोलदुरुस्ती, जिला गोदीत 'रिफिट' म्हणतात, काही वर्षांनी एकदा येते आणि मधल्या काळात जे मोडेल ते समुद्रातच, हाताशी असलेल्या भागांनी सावरावे लागते.

म्हणून नौदलात सुट्या भागांचे थर असतात. जहाजावरच ठेवले जाणारे भाग, म्हणजे गॅस्केट, पॅकिंग, बेअरिंग, लहान झडपा, फ्यूज, हे 'ऑनबोर्ड स्पेअर' होत आणि ते जहाजाच्या कर्मचाऱ्यांना स्वतः बसवता येण्याजोगे असतात. दुसरा थर 'बेस अँड डेपो स्पेअर' यांचा. बॉयलरच्या नळ्या, पंपांचे इंपेलर, विजेच्या मोटारी असे गोदीत बसवायचे भाग किनाऱ्यावरच्या कोठारात राहतात आणि पश्चिम ताफ्यासाठी ते काम मुंबईत घाटकोपरचे मटेरियल ऑर्गनायझेशन करते. तिसरा थर विम्यासारखा आहे: पंखा, त्याचा दांडा, टर्बाइनचा रोटर असे भाग बहुधा कधीच लागणार नाहीत, पण लागले तर नव्याने बनवायला दोन-तीन वर्षे जातील, म्हणून ते आधीच घेऊन ठेवायचे, आणि म्हणून त्यांना 'इन्शुरन्स स्पेअर' असेच नाव आहे. लेखापरीक्षकाला हा थर पडून राहिलेला पैसा वाटतो आणि अभियंत्याला तो शांत झोपेचा आधार वाटतो. दोघेही आपापल्या जागी चुकत नाहीत.

लाखो वस्तूंच्या या कोठारात गोंधळ होऊ नये म्हणून नाटो देशांनी वस्तूंना १३ अंकी क्रमांक देण्याची पद्धत तयार केली आणि भारतानेही ती स्वीकारली आहे. पहिले चार अंक वस्तूची जात सांगतात, जसे ३११० म्हणजे बेअरिंग, २८२५ म्हणजे वाफेचे टर्बाइन व त्याचे भाग, ५३३१ म्हणजे ओ-रिंग. पुढचे दोन अंक त्या वस्तूची नोंद प्रथम कोणत्या देशाने केली ते सांगतात आणि उरलेले सात अंक केवळ अनुक्रमाचे असतात. ब्रिटनचा अंक ९९ आहे, भारताचा ७२. एकच वस्तू दोन कंपन्यांनी दोन नावांनी विकली तरी तिचा क्रमांक एकच राहतो, हा या पद्धतीचा खरा उपयोग. कारण कोठारात अनेकदा भाग असतोच, तो वेगळ्या नावाने असतो एवढेच.

हे सर्व कोठार भरत राहण्यासाठी मागे कारखाना लागतो आणि नेमका तोच आधार एक-एक करून सुटत गेला. ब्रिटिश नौदलाने १९८० च्या दशकात लिअँडर निवृत्त करायला सुरुवात केली आणि १९९३ मध्ये 'सिला' ही त्यांची शेवटची लिअँडर सेवेतून गेली. डचांनी आपल्या सहा फ्रिगेट इंडोनेशियाला विकल्या आणि इंडोनेशियाने पुढे त्यांतील वाफेची यंत्रे काढून डिझेल इंजिने बसवली. मातृवर्गच सेवेत उरला नाही तेव्हा ब्रिटिश कारखान्यांना त्याचे भाग बनवण्यात रस उरण्याचे कारण नव्हते. भारताची तारागिरी मात्र २७ जून २०१३ पर्यंत सेवेत होती, म्हणजे ज्या देशाने हा आराखडा काढला त्याने तो सोडल्यानंतरही जवळपास वीस वर्षे. या वीस वर्षांचा हिशेब हाच या वर्गाच्या कथेचा गाभा आहे.

अशा वेळी कोणतेही नौदल पहिला उपाय करते तो घरातलाच असतो: रिफिटमध्ये उभ्या असलेल्या जहाजाचा चांगला भाग काढून समुद्रात जाणाऱ्या जहाजावर बसवायचा. इंग्रजीत याला नरभक्षणाचा शब्द वापरतात आणि तो रुळला आहे, कारण एका जहाजाला वाचवण्यासाठी दुसऱ्याचे अंग तोडले जाते. त्यात एकाच कामासाठी खोलणे आणि बसवणे दोनदा होते, आणि ज्याचा भाग गेला त्याचा रिफिट लांबतो. निवृत्त झालेले जहाज मात्र वेगळ्या प्रकारे उपयोगी पडते. १९९६ मध्ये नीलगिरी निवृत्त झाली आणि १९९७ मध्ये सी हॅरिअर विमानाने सोडलेल्या सी ईगल क्षेपणास्त्राचे लक्ष्य म्हणून बुडवली गेली. लक्ष्यनौकेतून उपयोगी सामग्री आधी काढून घेण्याची जगभरच्या नौदलांची रीत आहे. १९९५ मध्ये ब्रिटनची 'अँड्रोमेडा' ही लिअँडर भारताने घेतली आणि 'कृष्णा' या नावाने प्रशिक्षणनौका म्हणून २०१२ पर्यंत वापरली, तेव्हा हे कुटुंब उलट वाढले.

दुसरा, अधिक कठीण उपाय म्हणजे भाग येथेच घडवणे. झिजलेला भाग समोर ठेवून त्याची मापे घेतली, की नवा भाग तयार होईल असे बाहेरून वाटते. प्रत्यक्षात झिजलेला भाग मूळ मापच सांगत नाही, तो झिजेनंतरचे माप सांगतो. मूळ आरेखनात प्रत्येक मापाशेजारी 'टॉलरन्स', म्हणजे त्या मापात किती शतांश मिलिमीटर इकडेतिकडे चालेल याची मुभा, लिहिलेली असते. धातूची मिश्रणे, तो किती तापवून कसा थंड करायचा, पृष्ठभाग किती गुळगुळीत हवा, कोणती चाचणी पास व्हायला हवी, हे सर्व तेथेच असते. भाग म्हणजे आरेखनाची सावली, आणि सावलीवरून माणसाची उंची साधारण कळते पण नाडी कळत नाही. गिअरचे उदाहरण यात बोलके आहे. त्याचे दाते दुहेरी तिरपे, एकमेकांकडे झुकलेले, कापावे लागतात. दात्यात किंचित चूक राहिली तर जहाज चालतेच, पण गिअर पाण्यात एक विशिष्ट सूर सोडतो आणि पाणबुडीच्या श्रवणयंत्राला तो मैलोगणती ऐकू येतो. साखर कारखान्यात गिअर वाजला तर फार तर फिटरची झोप जाते.

हे दाते कापण्याचे काम महाराष्ट्रात झाले, ही गोष्ट महाराष्ट्रातच पुरेशी माहीत नाही. वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात १९३० च्या दशकात साखर कारखान्याभोवती वसवलेल्या वालचंदनगरमधून साखर कारखान्यांची यंत्रे देशभर गेली आणि तेथल्याच वालचंदनगर इंडस्ट्रीजने नौदलाच्या वाफेच्या फ्रिगेटांसाठी गिअरबॉक्स घडवल्या. पुढे कामोर्ता वर्गाच्या कॉर्व्हेटांच्या गिअरबॉक्समध्येही या कंपनीचा वाटा होता. नौदलाच्या वाफेच्या टर्बाइनांचे काम भेलने पत्करले. ज्या हातांना बॉयलर, वाफ आणि दातेरी चाक यांची सवय होती तेच हात जहाजाच्या इंजिनखान्यापर्यंत पोचले, आणि उसाने महाराष्ट्राला राजकारणाशिवायही काही दिले याचा हा एक कमी चर्चिला गेलेला पुरावा आहे.

तरीही अडचण कौशल्याची थोडी आणि संख्येची अधिक होती. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमध्ये १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना उभा राहिल्यावर त्याच्याभोवती सुट्या भागांच्या लघुउद्योगांचे जाळे वाढले. तेथला उद्योजक एका भागाचा साचा करतो तेव्हा तो साचा लाखो नगांवर आपला खर्च वसूल करतो. सहा जहाजांच्या वर्गाला एका प्रकारचे पंप लागतात डझनभर, आणि त्यांचे इंपेलर दहा वर्षांत वीस-पंचवीस. त्यासाठी साचा करायचा, धातूची प्रमाणपत्रे मिळवायची, नौदलाच्या निरीक्षकासमोर चाचण्या द्यायच्या आणि पुढची मागणी पाच वर्षांनी येईल की येणारच नाही हे माहीत नसताना तो साचा सांभाळायचा, हे कोणत्याही लहान कारखानदाराला परवडत नाही. संरक्षण मंत्रालयाने ऑगस्ट २०२० मध्ये 'सृजन' हे संकेतस्थळ सुरू करून आयात होणाऱ्या भागांची यादी उद्योगांपुढे ठेवली आणि डिसेंबर २०२१ मध्ये आयात थांबवण्याच्या २,८५१ भागांची सूची जाहीर केली. यादी खुली झाल्याने कोणता भाग हवा हे कळते, किती नग लागतील हा जुना प्रश्न मात्र तसाच राहतो.

आरेखन हरवले तर काय होते, याचा अनुभव मुंबईच्या गोदीने दोनशे वर्षांपूर्वीच घेतला होता. लेडा वर्गाची एक फ्रिगेट मुंबईत बांधण्याचा आदेश ब्रिटिश नौदलाने १८१२ मध्ये दिला आणि तिची आरेखने 'जावा' या जहाजातून पाठवली. परंतु २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ 'कॉन्स्टिट्यूशन' या अमेरिकी फ्रिगेटने जावा जिंकून नष्ट केली आणि आरेखनेही गेली. मुंबईकडे नेमणूक होऊन निघालेला सेनापती थॉमस हिस्लॉप त्याच जहाजावर होता आणि कैद झाला; हाच हिस्लॉप पाच वर्षांनी महिदपूरला होळकरांच्या सैन्यासमोर उभा राहिला. नव्या प्रती आल्यानंतर १८१६ मध्ये काम सुरू झाले, जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी पारशी रिवाजाप्रमाणे जहाजाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मलबारी सागवानाची 'ट्रिंकोमाली' पाण्यात उतरली. ती आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत आहे. लाकडी जहाजाचा सुटा भाग सुताराच्या पटाशीतून निघत असे. आरेखन लागत होते ते जहाजाच्या जन्मासाठी, दुरुस्तीसाठी नव्हे.

वाफ आल्यावर ही स्थिती बदलली आणि तेथे मराठवाड्याचे नावही समुद्रावर गेले. जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी झालेल्या लढाईवरून मुंबईच्या वाडिया कुटुंबाने १८५४ मध्ये बांधलेल्या वाफेच्या फ्रिगेटला 'असाये' हे नाव मिळाले. तिची जोडीदार होती 'पंजाब'. १८५७ च्या मार्चमध्ये इराणातील मुहम्मरा किल्ल्यावर मारा करणाऱ्या जहाजांत असाये होती आणि त्या मोहिमेचा सेनापती होता जेम्स औट्रम, ज्याचे नाव कन्नड-चाळीसगाव घाटाला आजही चिकटलेले आहे. १८६३ मध्ये मुंबईचे नौदल बरखास्त झाले, तेव्हा जॉन विलिस या जहाजमालकाने ही जहाजे विकत घेतली, पंजाबमधील वाफेची इंजिने काढून टाकली आणि तिला 'द ट्वीड' नावाचे शिडाचे जहाज केले. १८६९ च्या प्रसिद्ध 'कटी सार्क' जहाजाच्या आकारावर तिचा प्रभाव पडला असे मानतात. इंजिन काढल्यावर जहाजाची कीर्ती वाढल्याची अशी उदाहरणे थोडी.

लिअँडरची इंजिने काढण्याऐवजी भारताने ती पुढच्या वर्गातही बसवली. लिअँडरचा आराखडा लांबवून १९८३ मध्ये दाखल झालेल्या गोदावरी या फ्रिगेटमध्ये शस्त्रे सोव्हिएत, काही उपकरणे पाश्चात्त्य व भारतीय, पण वाफेचे यंत्र ओळखीचे होते; गंगा (१९८५), गोमती (१९८८) आणि पुढे कोलकात्यात बांधलेल्या ब्रह्मपुत्रा, बेतवा व बियास यांनी तीच परंपरा चालवली. जगात वाफेच्या फ्रिगेट जुन्या ठरत असताना नव्या बांधणे हे तांत्रिक मागासलेपण वाटू शकते आणि वेगाच्या व इंधनाच्या हिशेबात ते तसे होतेही. परंतु कोठाराच्या हिशेबात त्यात शहाणपण होते, कारण सहा जहाजांचा वर्ग बारा जहाजांचा झाला, मागणीची संख्या वाढली आणि तारागिरीला तीन दशकांनंतरही भाग मिळवून देणारे कारागीर कामावर टिकले. विंध्यगिरीला मात्र हा लाभ अखेरपर्यंत मिळाला नाही. ३० जानेवारी २०११ रोजी मुंबई बंदरात 'नॉर्डलेक' या व्यापारी जहाजाशी टक्कर होऊन तिला आग लागली आणि दुसऱ्या दिवशी ती गोदीतच बुडाली. ती पुढे वर काढली गेली, पण सेवेत परतली नाही.

आता नीलगिरी, हिमगिरी, उदयगिरी, दुनागिरी, तारागिरी, विंध्यगिरी ही सहाही नावे नव्या वर्गाच्या जहाजांना देण्यात आली आहेत आणि त्यांच्या जोडीला महेंद्रगिरी हे सातवे नाव आले आहे. त्यांतील पहिली नीलगिरी माझगाव डॉकने बांधली आणि १५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईत नौदलात दाखल झाली. या जहाजांत बॉयलर नाही. अमेरिकी जीई कंपनीचे गॅस टर्बाइन आणि डिझेल इंजिने आहेत. त्याआधीच्या शिवालिक वर्गातही जीईचेच गॅस टर्बाइन होते आणि २००९ मध्ये अमेरिकी प्रशासनाने त्या कंपनीला शिवालिकवरचे काम काही काळ थांबवायला लावले होते. रशियात बांधलेल्या तलवार वर्गाची गुंतागुंत आणखी विचित्र आहे: जहाज रशियन, पण गॅस टर्बाइन युक्रेनच्या मिकोलाईव शहरातील झोर्या-माशप्रोएक्त कारखान्याचे. २०१४ नंतर युक्रेनने रशियाला ही इंजिने देणे थांबवले, म्हणून भारताने ती स्वतः युक्रेनकडून घेऊन रशियाच्या कालिनिनग्राद येथील गोदीकडे सोपवली, आणि एकमेकांशी युद्धात असलेल्या दोन देशांच्या कामातून तुशील (डिसेंबर २०२४) व तमाल (जुलै २०२५) या फ्रिगेट भारतीय नौदलात आल्या. एखाद्या टर्बाइनच्या पात्यासाठी कोणत्या देशाकडे पाहावे लागेल, हे आता जहाजाच्या ध्वजावरून सांगता येत नाही.

वाफेच्या फ्रिगेटांपैकी गोदावरी २०१५ मध्ये, गंगा २०१८ मध्ये आणि गोमती २८ मे २०२२ रोजी मुंबईत निवृत्त झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने कोचीन शिपयार्डशी ३१३.४२ कोटी रुपयांचा करार केला, ज्यानुसार बियास ही वाफेवरून डिझेलवर जाणारी ब्रह्मपुत्रा वर्गाची पहिली फ्रिगेट ठरणार आहे. तिच्या इंजिनखान्यातून बॉयलर आणि टर्बाइन उतरवले जातील तेव्हा त्यांच्यातील कोणत्या नळ्या, झडपा आणि बेअरिंग वाफेवर चालणाऱ्या ब्रह्मपुत्रा व बेतवा या तिच्या भगिनींसाठी कोठारात जमा करायच्या आणि कोणत्या भंगारात काढायच्या, ही निवड स्टोअरकीपरच्या टेबलावर येईल.